वाढीव रुपया कोणाच्या खिशातून?

१ एप्रिल १९९२ रोजी अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात किमान वेतन तासाला ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलर झालं. वाढ ८० सेंटची, म्हणजे जवळजवळ १९ टक्क्यांची. कायदा दोन वर्षांपूर्वीच झाला होता, तेव्हा दिवस बरे होते. अंमलाची तारीख उजाडेपर्यंत मंदी येऊन ठेपली. ऐन मंदीत एवढी वाढ धंद्यांना झेपायची नाही, ती दोन टप्प्यांत द्यावी, असं विधिमंडळात मंजूरही झालं. पण गव्हर्नरचा नकाराधिकार मोडून काढायला लागणारी मतं थोडक्यात कमी पडली आणि वाढ ठरल्या दिवशी लागू झाली. डेलावेअर नदी ओलांडून शेजारच्या पेनसिल्व्हेनियात गेलं, की मात्र जुनाच ४.२५ चा दर.

न्यू जर्सीतल्याच प्रिन्स्टन विद्यापीठात डेव्हिड कार्ड आणि अॅलन क्रूगर हे दोन अर्थशास्त्रज्ञ तेव्हा शिकवत होते. त्यांच्यासाठी हा प्रयोग आयता चालून आला. अर्थशास्त्राला प्रयोगशाळा नसते. एका गावात वेतन वाढवून आणि दुसऱ्या गावात तसंच ठेवून काय होतं ते पाहू, असं म्हणायची सोय नसते. इथे नदीच्या दोन काठांवर तेच झालं होतं. दोन्हीकडे मंदी सारखीच, ग्राहक सारखेच आणि बर्गर विकणाऱ्या साखळ्याही त्याच.

दोघांनी बर्गर किंग, केएफसी, वेंडीज आणि रॉय रॉजर्स या चार साखळ्यांची ४१० दुकानं निवडली. फेब्रुवारी-मार्चमध्ये, वाढ लागू होण्याआधी, एकेका दुकानात फोन करून व्यवस्थापकाला विचारलं : पूर्णवेळ माणसं किती, अर्धवेळ किती, नव्या पोऱ्याला सुरुवातीला किती देता, पूर्ण जेवणाची किंमत काय? पूर्ण जेवण म्हणजे एक मुख्य पदार्थ, बटाट्याच्या तळलेल्या फोडी आणि सोडा. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पुन्हा तेच प्रश्न. जी दुकानं फोनवर सापडली नाहीत, तिथे माणूस पाठवला. दुकान चालू आहे, की बंद पडलं, हेही पाहून यायला सांगितलं. मला या अभ्यासातली ही गोष्ट सगळ्यात आवडते. बंद पडलेली दुकानं मोजायची राहिली असती, तर सगळा हिशेब खोटा ठरला असता.

अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकाला उत्तर आधीच माहीत होतं. कांदा महागला की आपण किलोऐवजी अर्धा किलो घेतो. तसंच मजूर महागला की मालक कमी मजूर घेणार. जॉर्ज स्टिगलर यांनी १९४६ मध्ये हा युक्तिवाद अगदी ठाशीवपणे मांडला होता, आणि पुढची चाळीस-पन्नास वर्षं बहुतेक अर्थतज्ज्ञ तो घोकत आले होते. किमान वेतनानं गरिबाचं भलं होत नाही. ज्याचं काम सगळ्यात कच्चं, त्याचीच नोकरी आधी जाते, असा त्याचा मथितार्थ.

आकडे आले ते वेगळेच. न्यू जर्सीच्या दुकानांत सरासरी २०.४ माणसं होती, ती २१ झाली. (दोन अर्धवेळ माणसं म्हणजे एक पूर्णवेळ, असा हिशेब.) पेनसिल्व्हेनियात वेतन तेच राहूनही मंदीनं माणसं घटली, २३.३ वरून २१.२ वर आली. न्यू जर्सीतही मंदी होतीच, तरी तिथे घट दिसली नाही. पगार खरोखर वाढले होते, यात शंका नव्हती : एप्रिलनंतर तिथली ८५ टक्के दुकानं नव्या माणसाला नेमके ५.०५ डॉलर देत होती. कामगारांना मिळणाऱ्या फुकट किंवा सवलतीच्या जेवणातही ठळक कपात झाली नव्हती. बदललं होतं ते किमतींचं पान. न्यू जर्सीतलं जेवण पेनसिल्व्हेनियाच्या तुलनेत सुमारे ४ टक्क्यांनी महागलं.

हा निबंध १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि अर्थतज्ज्ञांमध्ये भाऊबंदकी सुरू झाली. नोबेल मिळवलेल्या जेम्स ब्यूकॅनन यांनी वर्तमानपत्रात लिहून, किमान वेतनानं नोकऱ्या वाढतात असं म्हणणाऱ्यांना विद्वान म्हणायलाच नकार दिला, आणि तेही फारशा सभ्य नसलेल्या शब्दांत. डेव्हिड न्यूमार्क आणि विल्यम वाशर या दोघांनी फोनवरच्या उत्तरांऐवजी दुकानांची पगारपत्रकं मिळवली आणि नोकऱ्या घटल्याचं दाखवलं. ती पगारपत्रकं सुरुवातीला जमवली होती उपाहारगृह-मालकांच्या बाजूनं प्रचार करणाऱ्या संस्थेनं. मग कार्ड आणि क्रूगर यांनी सरकारी नोंदी काढून पुन्हा मोजदाद केली. नोकऱ्यांवर ठळक परिणाम नाही, असं निघालं. ‘वाढल्या’ हा दावा मवाळ झाला, पण ‘घटल्या’ हा दावाही टिकला नाही. या विषयानं आपले मित्र तोडले, म्हणून पुढे त्यातून अंग काढून घेतलं, असं कार्ड यांनी नंतर एका मुलाखतीत सांगितलं. क्रूगर २०१९ मध्ये गेले. २०२१ च्या अर्थशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा कार्ड यांना मिळाला.

तीस वर्षांच्या या भांडणात एक प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला गेला : नोकऱ्या जातात की नाही? प्रश्न चुकीचा नाही, अपुरा आहे. पगारात वाढलेला प्रत्येक रुपया कुठून तरी यावाच लागतो. तो ग्राहकाच्या खिशातून येईल, मालकाच्या नफ्यातून येईल, मधल्या ठेकेदाराच्या वाट्यातून येईल, कामाच्या वाया जाणाऱ्या तासांतून येईल, किंवा ज्याची नोकरी गेली त्या कामगाराच्या घरातून येईल. एकदा रुपयाचा माग काढायला लागलं, की एका ठिकाणी नोकऱ्या का गेल्या नाहीत आणि दुसऱ्या ठिकाणी का गेल्या, हे बरंच उलगडतं.

आधी नफ्याची बाजू पाहू. पाठ्यपुस्तकात मालकाला बाजारभावानं मजूर मिळतो. एक पैसा कमी दिला तर मजूर दुसऱ्याकडे जातो. खरा मजूर इतका मोकळा नसतो. दुसरं काम लांब असतं, मुलांची शाळा इथेच असते, ओळखपाळख नसते, कधी कर्ज असतं. त्यामुळे मालकाला मजुराच्या कामाच्या मोलापेक्षा कमी देऊनही निभावून नेता येतं. ही मांडणी केंब्रिजच्या जोन रॉबिन्सन यांनी १९३३ च्या आपल्या पुस्तकात केली. त्याआधी काही वर्षं, लग्नानंतर लगेच, त्या ग्वाल्हेरला राहिल्या होत्या. त्यांचे पती ऑस्टिन हे बालमहाराज जिवाजीराव शिंदे यांना शिकवायला तिथे गेले होते. ग्वाल्हेरच्या मुक्कामाचा त्या पुस्तकाशी काही संबंध जोडायचा माझा इरादा नाही. पण मराठी वाचकाला ही ओळख असावी.

रॉबिन्सनबाईंचा मुद्दा समजायला साखर कारखान्याच्या फडावर जावं. तिथे ‘एक कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी. बीडकडची ही जोडी दिवाळीच्या सुमारास घर सोडते, त्याच्या कितीतरी आधी मुकादमाकडून उचल घेऊन बसलेली असते. उचल फिटेपर्यंत शेजारच्या कारखान्यानं टनाला जास्त दिले तरी ती तिकडे जाऊ शकत नाही. अशा बाजारात दर वाढवायची सक्ती झाली, तर मालक मजूर कमी करेलच असं नाही. आधीच्या दरातही त्याला प्रत्येक जोडीमागे फायदा सुटत होता. आता तो कमी सुटेल, इतकंच. उलट, दर बरा आहे म्हणून जास्त माणसं टिकतील, सोडून जाणारी कमी होतील, नव्या माणसाला शिकवण्याचा खर्च वाचेल. बर्गरच्या दुकानांत पोरं दोन-चार महिन्यांत काम सोडतात. तिथे हा वाचलेला खर्च मामुली नसतो.

या दिलाशाला मर्यादा आहे. जानेवारी २०२४ मध्ये ऊसतोडीच्या मजुरीत ३४ टक्के वाढ करायचं ठरलं. ती किमान वेतनाची अधिसूचना नव्हती, कामगार संघटना आणि साखर संघाच्या वाटाघाटीतून आलेली होती. पण तिच्या मागे गणित तेच होतं. त्याच सुमारास कारखाने आणि शेतकरी ऊस तोडणाऱ्या यंत्रांकडेही वळत होते. मालकाकडे फायद्याची फट असते तोवर वाढीव दर त्यातून निघतो. फट संपली, की तो यंत्राची किंमत विचारायला लागतो.

ही फट किती आणि ती संपल्यावर कोण भरतं, याचा सर्वांत नीट माग हंगेरीत काढला गेला. तिथल्या सरकारनं २००१ मध्ये महिन्याचं किमान वेतन २५,५०० फोरिंटवरून एकदम ४०,००० केलं आणि पुढच्या वर्षी ५०,०००. दोन वर्षांत जवळजवळ दुप्पट! न्यू जर्सीची वाढ यापुढे किरकोळच. पेतर हारास्तोशी आणि अत्तिला लिंडनर यांनी कंपन्यांचे ताळेबंद पिंजून काढले. वाढीव खर्चाचा सुमारे ७५ टक्के भार ग्राहकांनी वाढलेल्या किमतींतून उचलला आणि उरलेला २५ टक्के मालकांच्या नफ्यातून गेला. ज्यांच्या वेतनावर थेट परिणाम झाला, अशा दहा कामगारांमागे साधारण एकाचं काम गेलं. बाकी नऊ जणांच्या पगारात घसघशीत भर पडली. मात्र ही झळ सगळीकडे सारखी बसली नाही. न्हाव्याचं दुकान, हॉटेल, स्थानिक सेवा यांना भाव वाढवता आले, कारण शेजारच्या प्रत्येक दुकानाचा खर्च एकाच वेळी वाढला होता. परदेशात माल विकणाऱ्या कारखान्याला ती सोय नव्हती. जर्मनीतला ग्राहक हंगेरीतल्या किमान वेतनाशी बांधील नाही. काम गेलं ते मुख्यतः अशा कारखान्यांत.

ब्रिटनमध्ये १९९९ मध्ये तासाला ३.६० पौंडांचं राष्ट्रीय किमान वेतन आलं. हुजूर पक्षानं त्याला कडाडून विरोध केला होता. बेकारीची भाकितं खोटी ठरली, आणि २०१६ मध्ये त्याच पक्षाच्या अर्थमंत्र्यानं स्वतः पुढाकार घेऊन ते ७.२० पौंडांवर नेलं. अमेरिकेतल्या सिअॅटल शहरानं मात्र १३ डॉलरपर्यंत मजल मारली, तेव्हा तिथल्या विद्यापीठाच्या अभ्यासात कमी पगारावरच्या लोकांचे कामाचे तास घटल्याचं दिसलं. आधीपासून कामावर असलेल्या अनुभवी माणसांचा फायदा झाला. पहिलीच नोकरी शोधणाऱ्यांसाठी दारं थोडी अरुंद झाली. वाढीव रुपयाचा एक भाग आत येऊ न शकलेल्या माणसांनी भरला. अशा माणसांची नावं कुठल्याही पगारपत्रकात नसतात, त्यामुळे त्यांच्यासाठी मोर्चाही निघत नाही.

आता आपल्याकडे. न्यू जर्सीच्या चार वर्षं आधी महाराष्ट्रानं याहून मोठी वाढ केली होती. ती तितकी गाजली नाही, पण मला ती जास्त शिकवणारी वाटते, कारण इथे मजूर लावणारा मालक खुद्द सरकार होतं.

रोजगार हमी योजनेची सुरुवात १९६९ मध्ये वि. स. पागे यांच्या पुढाकारानं सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यातल्या विसापूरला झाली. १९७२ च्या दुष्काळानं ती राज्यभर नेली. १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. मागेल त्याला पंधरा दिवसांत काम, ही त्यातली हमी. कामं होती पाझर तलाव, नालाबांध, रस्ते आणि खडी फोडणं. पैसा आणायचा कुठून? त्यासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर लावला गेला. शहरातल्या नोकरदाराच्या पगारपत्रकात आजही त्याची कपात दिसते. ती मूळची खडी फोडणाऱ्या बाईच्या मजुरीसाठी होती, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

या योजनेला लाभार्थींची यादी नव्हती. दारिद्र्यरेषेचा दाखला नाही, शिफारस नाही. भर उन्हात एवढ्याशा मजुरीवर खडी फोडायला जो येईल, तो गरजू आहे असं गृहीत धरलेलं. कमी मजुरी हीच चाळणी होती. ती निर्दय होती, पण सरपंचाच्या मर्जीपेक्षा बरी चालत होती. मजुरीचा दर शेतमजुरांच्या किमान वेतनाशी बांधलेला होता. १९८८ मध्ये शासनानं ते किमान वेतन दुप्पट केलं आणि त्याबरोबर हमीच्या कामाची मजुरीही दुप्पट झाली.

मागणी न्याय्य होती. आधीचा दर लाजिरवाणाच होता. पण दर दुप्पट झाला म्हणून व्यवसाय कराचं उत्पन्न दुप्पट झालं नाही. नव्या दरानं कामावर यायला जास्त लोक तयार होते, आणि पैसा मात्र जवळपास तेवढाच. पुढे जे झालं ते कुठल्याही शासन निर्णयात लिहिलेलं नाही. नवी कामं उघडायला उशीर होऊ लागला. मार्टिन रॅव्हॅलियन, गौरव दत्त आणि शुभम चौधुरी यांनी महिन्या-महिन्याच्या हजेरीचे आकडे घेऊन याचा अभ्यास केला. १९८७ दुष्काळाचं वर्ष आणि १९८८ ला पाऊस चांगला. त्यामुळे हजेरी काही प्रमाणात आपोआपच घटणार होती. तो भाग वेगळा काढल्यावरही हजेरी जितकी असायला हवी होती, तितकी नव्हती. दरवाढीआधी ही हमी बऱ्याच अंशी खरी होती. दरवाढीनंतर कामाचं रेशनिंग सुरू झालं, असा त्यांचा निष्कर्ष होता. ज्यांना काम मिळालं त्यांना दुप्पट मजुरी मिळाली. ज्यांना मिळालं नाही, त्यांनी त्या दुपटीचा भार उचलला.

यातून ‘मजुरी वाढवू नये’ असा अर्थ काढणारे अनेक भेटतात. मला तो मान्य नाही. सरकारनं दर वाढवला आणि तिजोरीत हात घातला नाही, हे त्यातलं दुखणं होतं. दर जाहीर करायला एक अधिसूचना पुरते. पैसा उभा करायला कर लावावा लागतो, आणि तिथे राजकीय धैर्य संपतं.

पुढे केंद्राची रोजगार हमी २००६ मध्ये आली, तेव्हा दुसरी बाजू दिसली. क्लेमां इम्बेअर आणि जॉन पॅप यांनी आधी योजना आलेल्या आणि नंतर आलेल्या जिल्ह्यांची तुलना केली. जिथे ती आधी आली, तिथे शेतीची कामं नसलेल्या महिन्यांत खासगी मजुरीही सुमारे ५ टक्क्यांनी वाढली होती. हातात दुसरा पर्याय असला, की मजूर बांधावरच्या मालकाशी घासाघीस करू शकतो. आंध्र प्रदेशात तर दर न वाढवता, स्मार्टकार्डद्वारे मजुरी वेळेवर आणि पूर्ण पोचवली, एवढ्यानंच खुल्या बाजारातली मजुरी वाढली. खासगी काम घटलं नाही. कागदावरचा दर आणि हातात पडणारा दर यांतलं अंतर कमी करणं, ही स्वतःच एक वेतनवाढ असते.

हे अंतर म्हणजे आपल्याकडच्या किमान वेतनाची खरी कहाणी. आपला कायदा १९४८ चा. म्हणजे संविधान लागू होण्याआधीचा. १९६१ मध्ये केरळातल्या कौलं बनवणाऱ्या कारखानदारांनी ‘आम्हाला परवडत नाही’ म्हणून तक्रार नेली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयानं ती फेटाळली : किमान वेतन देण्याची ऐपत नसेल, तर तो धंदा चालवण्याचा हक्क नाही. १९८२ मध्ये दिल्लीतल्या एशियाडच्या बांधकामांचं प्रकरण न्यायालयात आलं. तिथे किमान वेतन होतं दिवसाला ९ रुपये २५ पैसे. पैसे ठेकेदाराकडून जमादाराच्या हाती जात, आणि जमादार माणशी १ रुपया कापून ८ रुपये २५ पैसे मजुराला देत असे. न्यायमूर्ती भगवतींनी निकालात म्हटलं, की किमान वेतनापेक्षा कमी देऊन घेतलेलं काम म्हणजे संविधानाच्या २३ व्या अनुच्छेदाखालची वेठबिगारीच. निकाल थोर आहे. जमादार आजही आहे.

विडीच्या धंद्यात तर ही गळती मोजता येते. सोलापुरात घरोघरी बायका विड्या वळतात. मजुरी हजारावर. तेंदूचं पान भिजवायचं, कात्रीनं कापायचं, तंबाखू भरून वळायचं, टोक दुमडून दोऱ्यानं बांधायचं. हजार विड्या व्हायला अख्खा दिवस जातो. हजारी दर शासन ठरवतं. पण विड्या देताना त्यातल्या काही ‘छाट’ म्हणून बाजूला काढल्या जातात, त्यांचे पैसे नाहीत. पानं कमी किंवा फाटकी आली, तर कमी पडलेली पानं बाईनं आपल्या पैशानं आणायची. अधिसूचनेतला दर वाढला, की छाट वाढवता येते. वाढीव रुपया ज्या खिशात पडला, त्याच खिशातून परत काढून घ्यायची ही तऱ्हा.

आणि काम गावं सोडूनही जातं. विडी व सिगार कामगारांचा कायदा १९६६ मध्ये झाला. केरळनं तो लागू करायचं ठरवलं, तेव्हा मंगळूरच्या विडी मालकांनी १९६८ मध्ये कण्णूर भागातला आपला कारभार गुंडाळला. सुमारे १२,००० कामगार एका फटक्यात रस्त्यावर आले. पुढच्याच वर्षी त्यांनी राज्य सरकारच्या मदतीनं ‘केरळ दिनेश विडी’ ही सहकारी संस्था उभी केली आणि ती अनेक वर्षं कायद्यानुसार वेतन देऊन चालवून दाखवली. म्हणजे परवडत नव्हतं असं नाही. शेजारच्या राज्यात त्याहून स्वस्तात होत होतं, एवढंच. राज्याराज्यांचे दर वेगळे असतील, तोवर उचलून नेण्याजोगा धंदा नेहमी स्वस्त बाजूला सरकणार. देशभर एक किमान पातळी ठरवण्यामागे हे सगळ्यात सबळ कारण आहे.

एक गट मात्र या वादात नेहमी अडगळीत पडतो. तीन-चार एकरांचा कोरडवाहू शेतकरी हा मजूरही असतो आणि मालकही. पेरणी झाली की तो दुसऱ्याच्या कामावर जातो, कापूस फुटला की स्वतः वेचणीला बायका लावतो. वेचणीचा दर किलोमागे वाढला, तर तो वाढीव पैसा कोणाकडे मागणार? कापसाचा भाव त्याच्या हातात नाही. त्याची अवस्था हंगेरीतल्या त्या निर्यात कारखान्यासारखी असते, फक्त ताळेबंद नसतो. तो मग कापूस सोडून सोयाबीनकडे वळतो आणि काढणीला हार्वेस्टर आणतो. शेतमजुरीचा दर आणि शेतमालाचा भाव हे दोन वेगळ्या खात्यांचे विषय मानणारं सरकार यातून मार्ग काढू शकत नाही.

मग वेतन असावं किती? १९५७ च्या भारतीय श्रम परिषदेनं याचा हिशेब मांडला होता : प्रौढ माणसामागे रोज २,७०० उष्मांकांचं अन्न, चौघांच्या कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, घरभाडं, आणि इंधन-दिवाबत्ती वगैरेला एकूण वेतनाचा पाचवा हिस्सा. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मुलांचं शिक्षण, औषधपाणी, सणवार यांसाठी आणखी २५ टक्के धरायला सांगितले. २०१९ मध्ये अनुप सत्पथी समितीनं नव्यानं गणित करून २०१८ च्या किमतींनुसार दिवसाला ३७५ रुपयांची राष्ट्रीय पातळी सुचवली. त्या वर्षी केंद्रानं प्रत्यक्षात जाहीर केली १७८ रुपये. नोकऱ्या जाण्याची भीती घालायला या १७८ रुपयांत जागाच नव्हती. बहुतेक राज्यांचे दर त्याच्या वर होते. इथे इतकी वर्षं आपण हंगेरीच्या टोकापासून कोसभर लांब उभं राहून हंगेरीच्या धोक्यांवर वाद घालत आलो.

महाराष्ट्रात दर सहा महिन्यांनी महागाई निर्देशांकानुसार विशेष भत्ता बदलतो, आणि ती पद्धत चांगली आहे. थोडं थोडं, ठरल्या वेळी वाढलेलं वेतन धंद्याला पचवता येतं. वर्षानुवर्षं मूळ दर गोठवून ठेवायचा आणि मग निवडणुकीच्या तोंडावर एकदम उडी मारायची, हे सगळ्यांत वाईट. १९८८ मध्ये उडी अशीच एकदम मारली गेली होती.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता लागू झाली आहे. १९४८ चा कायदा फक्त परिशिष्टात नाव असलेल्या रोजगारांना लागू होता. आता किमान वेतनाचा हक्क प्रत्येक कामगाराला आहे. केंद्रानं ठरवलेल्या किमान पातळीखाली कोणत्याही राज्याला जाता येणार नाही. ती पातळी किती ठेवली जाते आणि ती तपासायला माणसं किती नेमली जातात, यावर सगळं अवलंबून आहे.

तोवर एक तपासणी आपल्याला स्वतः करता येते. आपल्या इमारतीच्या फाटकावर जो रखवालदार बसतो, त्याच्यासाठी सोसायटी एजन्सीला महिन्याला किती देते, हे हिशेबाच्या वहीत असतं. त्याच्या हातात किती पडतं, हे त्याला विचारा. तो बारा तास बसतो आणि पैसे आठ तासांचे मिळतात का, तेही विचारा. जादा तासांचा दर कायद्यानं दुप्पट आहे. एजन्सीनं कमी दिले, तर फरक भरण्याची जबाबदारी मूळ मालकावर, म्हणजे सोसायटीवर येऊ शकते. पुढच्या वार्षिक सभेत रंगकाम आणि पार्किंगच्या आधी हा विषय घ्यायला लावा, आणि एजन्सीकडून त्याची पगारचिठ्ठी दर महिन्याला मागून घ्या.